कुत्र्याला त्याची पुरती वर्षं मिळावीत म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात पाळलेली बरीच कुत्री म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या चार महिन्यांत पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग), नंतर कधीही गोचीडताप, मध्येच शेतातलं उंदराचं औषध किंवा पुणे-बंगळूर हायवे, आणि एवढ्यातून वाचलंच तर लठ्ठपणा. कुत्र्याचं आयुष्य वाढवणारी गोळी अजून दुकानात मिळत नाही. अमेरिकेत रॅपामायसिन नावाच्या औषधाची पाळीव कुत्र्यांवर चाचणी चालू आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. तोवर महागडी टॉनिकं आणायच्या आधी खालची कामं करा, आणि शक्यतो याच क्रमाने.

किती वर्षांची अपेक्षा ठेवावी

हत्ती घोड्यापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या जातींमध्ये हा हिशेब उलटा आहे. जेवढं अंग मोठं, तेवढं म्हातारपण लवकर. ग्रेट डेन ७ ते १० वर्षं, लॅब्रॅडॉर १० ते १३, मुधोळ जातीचा कुत्रा साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त, पॉमेरियनसारखी लहान कुत्री १२ ते १५. गावठी कुत्रा घरात जपून ठेवला तर १२-१४ वर्षं सहज काढतो. तोच रस्त्यावर जन्मला तर चित्र वेगळं असतं: पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या पिल्लांची नोंद ठेवली, तेव्हा सात महिन्यांपर्यंत पाचातलं जेमतेम एकच जिवंत राहिलेलं दिसलं. तेव्हा 'गावठी म्हणजे काटक, त्याला काही होत नाही' हे म्हणणं सोडून द्या. जी पिल्लं गेली ती आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे गणितही खरं नाही. २०२० साली लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरच्या खुणा मोजून काढलेल्या सूत्रानुसार एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीत असतो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडतो आणि दहा वर्षांचा अडुसष्टच्या आसपास असतो. म्हणजे सुरुवातीला वय धावतं आणि पुढे चालीवर येतं. व्यवहारात याचा अर्थ असा की चार वर्षांचा 'तरुण' कुत्रा तपासणीच्या वयाला आलेला असतो.

पिल्लू निवडताना आपली हवा बघा. हस्की आणि सेंट बर्नार्ड एप्रिल-मेमध्ये इथे धापा टाकत दिवस काढतात, आणि चपट्या नाकाच्या पगला तर चिकोडी-अथणीकडचा उन्हाळा थेट जिवावर बेततो. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला, या हवेत मुरलेला. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं याच जातीसाठी केंद्र आहे. मात्र हा धावणारा कुत्रा आहे, दोन खोल्यांच्या घरात दिवसभर बांधून ठेवायचा नाही. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात त्या दिसू द्या, तो उपाशी नाही. आणखी एक: अशा सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असल्याने काही जुन्या भुलींतून ती फार उशिरा बाहेर येतात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.

पहिले चार महिने

पार्व्होचं पिल्लू सहसा एकाच पद्धतीने जातं. आदल्या दिवशी गप्प, दुसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत अंगातलं पाणी संपतं. घरी साखर-मिठाचं पाणी पाजत बसण्यात वेळ जातो, कारण पोटात काही टिकतच नाही. सलाईन शिरेतून लागतं, तेही पहिल्याच दिवशी.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करा आणि दर तीन-चार आठवड्यांनी देत पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालू ठेवा. 'दोन इंजेक्शनं झाली, पुरे' इथेच घात होतो. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निकामी करते, आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. शेवटचा डोस सोळा आठवड्यांना पडला पाहिजे तो यासाठी. रेबीजची लस तीन महिन्यांनी, पुन्हा तीन-चार आठवड्यांनी, आणि मग दर वर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लसही दर वर्षी घ्या, शक्यतो मे महिन्यात, पावसाच्या आधी. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी हे या रोगाचं मूळ, आणि ऊस व भाताच्या शेतात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही भरपूर असतं. हा रोग माणसालाही होतो.

खेड्यात एक चूक फार होते. मेडिकलमधून लसीची बाटली घ्यायची, खिशात टाकायची आणि एसटीने तासभर प्रवास करून गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. खिशात तापली की ती पाण्याच्या मोलाची, आणि बर्फाला थेट चिकटून गोठली तरी खराबच. न्यायचीच असेल तर थर्मासमध्ये बर्फ, त्यावर कापडाची घडी, आणि घडीवर बाटली. त्यापेक्षा पिल्लालाच दवाखान्यात न्या. बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या आणि तारीख व सही बघा.

आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर त्याच जागी लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि घरातल्या नेहमीच्या फिनेलला तो दाद देत नाही. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली ब्लीच घालून ते पाणी दहा मिनिटं फरशीवर राहू द्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा अंगणातल्या मातीत ब्लीच काम करत नाही. अशा घरात पूर्ण लसीकरण झालेला, चार महिन्यांपुढचा कुत्राच आणावा.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांचं होईपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, आणि नंतर दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, अंदाजाने नाही.

गोचीड: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

या भागातल्या मोठ्या कुत्र्यांना सतावणारा मुख्य आजार गोचीडताप. 'गोचीड काय, सगळ्यांनाच असतात' असं म्हणून तो सोडून दिला जातो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बाबेसिया हे रोग पसरवतो. एर्लिकिया तर चावल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतो. त्यामुळे रोज संध्याकाळी गोचीड वेचणं चांगलं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही. गोचीड चावल्यावर लवकर मरेल असं औषध अंगात किंवा अंगावर असायला हवं.

आता खरी अडचण. कुत्र्यावर जे दिसतात ते एकूण गोचिडांतले थोडेच. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्लं कुत्र्यावर येतात, रक्त पितात, गळतात, कात टाकून पुन्हा येतात. प्रत्येक टप्प्याला ते एकदा भिंतीत जातात. दगडी भिंती, कौलारू गोठे, लाकडी चौकटी, पत्र्याखालचे सांधे या त्यांच्या आवडत्या जागा. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावणाऱ्याचे गोचीड महिन्याभरात परत येतात, आणि तो म्हणतो, 'औषधच डुप्लिकेट निघालं.'

करायचं ते असं. पहिल्या दिवशी कुत्र्याला खायची गोळी द्या. फ्लुरालानरची एक गोळी साधारण तीन महिने चालते, अफॉक्सोलानरची महिनाभर. दोन्ही वजनानुसार मिळतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ती देण्याआधी डॉक्टरांशी बोला. त्याच दिवशी कुत्र्याची गोणपाटं, चादरी उकळत्या पाण्यात घाला किंवा जाळून टाका. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा, गोठ्याला चुना मारा. मग जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं फवारणीचं औषध लेबलवरच्या प्रमाणात भिंतींवर, जमिनीपासून छतापर्यंत फवारा. त्या वेळी कुत्रं, मांजर, कोंबड्या आणि मुलं बाहेर, आणि भिंत सुकेपर्यंत बाहेरच. मांजर असेल तर जास्त सांभाळा, कारण परमेथ्रिनच्या जातीची औषधं कुत्र्याला चालली तरी मांजराला मारतात. अंडी फवारणीने मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अशा तीन फवारण्या कराव्या लागतात. दुसरी चुकवली तर पहिली वाया.

गायी-म्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध बाटलीतून ओतून कुत्र्याला चोळणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. अमित्राझसारखं औषध जास्त झालं की कुत्रा पेंगतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं. लहान पिल्लाला ते अजिबात लावू नये. तंबाखूचं पाणी आणि रॉकेल ही जुनी औषधंही बंद करा. दोन्ही विष आहेत, आणि कुत्रा अंग चाटतोच.

हाताने काढायचे असतील तर चिमट्याने गोचिडाला कातडीच्या अगदी लगत धरा, सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्याच्या किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली आणि पट्ट्याच्या खाली बघा. पट्टा काढून बघितल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नये.

ताप ओळखायला घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवा. टोकाला तेल लावून गुदद्वारात इंचभर. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट म्हणजे ठीक. नाक गार आहे की गरम, यावरून काही कळत नाही. १०३.५ च्या वर ताप, जेवण टाकलेलं, हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल टिपके, नाकातून रक्त किंवा कॉफीसारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि प्लेटलेट मोजायला सांगा.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन २८ दिवस चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि गोळ्या बंद होतात. जंतू मात्र अंगातच राहतात आणि काही महिन्यांनी हाडांतल्या मगजावर घाला घालतात, मग रक्तच तयार होत नाही. गोळी रिकाम्या पोटी किंवा कोरडी देऊ नका, अन्ननलिकेत अडकून जखम करते. घासाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. बाबेसिया या गोळीने बरा होत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. चार दिवसांत ताप उतरला नाही तर गोळी बदलायचा आग्रह धरू नका, पुन्हा रक्त तपासायचा धरा.

वजन आणि पोट

आयुष्य वाढवण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ज्या गोष्टीचा आहे, ती फुकट आहे: थोडं कमी खायला घालणं. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे त्याहून जास्त जगले) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि सांधेदुखीही उशिरा आली.

वजन नीट आहे का, हे हाताने कळतं. आपल्या हाताची मूठ करा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या तशा टोकदार लागत असतील तर कुत्रा बारीक. आता हात सपाट उघडा आणि पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर बरोबर. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे आणि बाजूने बघितलं तर पोट मागे वर गेलेलं. खरं वजन दर महिन्याला करा: घरच्या काट्यावर कुत्र्याला घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी. मोठा कुत्रा उचलत नसेल तर धान्याच्या दुकानातला सपाट काटा आहेच.

नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असलेल्या मोठ्या कुत्र्याला रोज लागणाऱ्या कॅलरी साधारण अशा: ५ किलोला ३७५, १० किलोला ६३०, २० किलोला १०५०, ३० किलोला १४५०. वजन दुप्पट झालं म्हणून जेवण दुप्पट होत नाही, हे लक्षात ठेवा. तयार खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात, पिशवीवर बघा आणि काट्यावर मोजून घाला. वाटीच्या अंदाजाने महिन्यागणिक माप वाढत जातं.

घरचं जेवण घालणाऱ्यांसाठी २० किलोच्या कुत्र्याचं एका दिवसाचं ढोबळ माप: प्रत्येकी साठ ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, हाडं काढून उकडलेलं २०० ग्रॅम चिकन, दोन उकडलेली अंडी, १०० ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर, १०० ग्रॅम दही आणि एक छोटा चमचा तेल. हे हजार कॅलरींच्या आसपास होतं. दोन वेळेला विभागून द्या. यात कॅल्शियम कमी पडतं. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळा आणि हजार कॅलरींमागे सपाट अर्धा छोटा चमचा घाला. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना हे आपल्या मनाने देऊ नका, जास्त कॅल्शियमने त्यांची हाडं बिघडतात. जस्त आणि जीवनसत्त्वांसाठी कुत्र्यांची पूड डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दूध-भाकरीवर वाढलेला कुत्रा पोट भरलेला पण प्रथिनांनी उपाशी असतो. केस निस्तेज, पाठ वाकलेली, गोचीडताप आला की लगेच कोसळणारा. मांसाहार नसलेल्या घरांनी अंडी तरी चालवावीत. तीही नको असतील तर पनीर, शिजवलेलं सोयाबीन आणि डाळ यांवर भर द्या, नुसत्या भातावर नाही.

चहाबरोबरचं ग्लुकोजचं एक बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरींचं असतं. सकाळी आजोबा चार, संध्याकाळी मुलं चार, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या जेवणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा फक्त बिस्किटांत गेला. वरचं खाणं एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत बसलं पाहिजे. पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा कुत्र्याला 'एवढासा' देणाऱ्यांना घरात कोणीतरी आवरावं लागतं, आणि ते काम सोपं नसतं.

जाड कुत्र्याचं जेवण एकदम अर्धं करू नका. १० ते २० टक्के कमी करा, दर पंधरा दिवसांनी वजन करा, आणि आठवड्याला वजनाच्या एक टक्का घट धरून चला.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना, म्हणजे ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डला, एकाच वेळी भरपूर खाऊ घालून लगेच पळवू नये. पोट गॅसने फुगून पिळतं. उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं वाजतं. इथे काही तासांचाच खेळ असतो, ऑपरेशनच लागतं.

आपल्या भागातली विषं

निपाणी-चिकोडीकडे तंबाखू वाळत घातलेली असते. कुत्रा ती मुद्दाम खात नाही, पण पिल्लू चघळतं. वजनाच्या किलोमागे सुमारे १० मिलीग्रॅम निकोटिन जीव घेऊ शकतं, आणि एक ग्रॅम तंबाखूत तेवढं सहज असतं. लाळ, उलटी, थरथर, फिट, हे सगळं तासाभरात. तंबाखूच्या पुड्या आणि थोटकं खाली टाकू नका.

अथणी आणि पुढे विजापूरकडे बेदाण्याचे शेड आहेत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि किती खाल्ले तर चालतील याचं सुरक्षित माप नाही. खाल्लेले दिसले तर लक्षणांची वाट न बघता दोन तासांच्या आत दवाखान्यात न्या. चॉकलेट, तसंच साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगगम यांनाही हाच नियम. कांदा-लसूण रक्तपेशी फोडतात, त्यामुळे उरलेला तांबडा रस्सा भाकरीवर ओतून द्यायची पद्धत मोडा. तेल-तिखटाने स्वादुपिंड सुजतं ते वेगळंच. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून टोकदार होतात.

उंदराच्या औषधांत दोन प्रकार, आणि त्यांची वागणूक वेगळी. काळ्या पुडीतलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात विषारी वायू सोडतं. अन्न पोटात गेलं की आम्ल वाढतं, म्हणून 'थोडं दूध-भाकरी घाला' हा सल्ला जीव घेतो. उलटीतूनही तो वायू येतो, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. दुसरा प्रकार वड्यांचा, ब्रोमॅडिओलोनसारखा. तो खाऊन कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो, मग अंगात रक्तस्राव सुरू होतो. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो. शेतातल्या कीटकनाशकाने भरपूर लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि थरथर दिसते, त्यावर अॅट्रोपिन. कोणतंही विष असो, पुडी किंवा बाटली सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका.

घोणस, नाग, मण्यार, फुरसं चावल्यावर पाय आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. या चारही सापांवर एकच सर्पदंशाची लस चालते, ती कुत्र्यालाही देतात. पण प्रत्येक दवाखान्यात ती नसते, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो तो उगाच नाही. घरात किंवा दार असलेल्या गोठ्यात घ्या.

नसबंदी, दात, ऊन

नसबंदी न झालेल्या कुत्र्यांच्या माद्यांपैकी सुमारे पाव हिश्श्याला दहाव्या वर्षापर्यंत गर्भाशयात पू होतो, असं स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदी सांगतात. माजानंतर एक-दोन महिन्यांनी कुत्री खूप पाणी पिऊ लागली, जेवेना, मागून पू येऊ लागला तर ते हेच. पू बाहेर आला नाही तर धोका जास्त. लहान जातीत सहा-सात महिन्यांनी, मोठ्या जातीत हाडं भरल्यावर, वर्ष-दीड वर्षाने ऑपरेशन करा. नर मोकाट फिरत असेल तर संगातून पसरणारी गाठही त्याला होते. लघवीच्या जागेवरून रक्ताचे थेंब पडताना दिसले तर तपासा. आठवड्याला एक याप्रमाणे थोड्या इंजेक्शनांत बहुतेक वेळा ती बरी होते.

दात रोज घासा. कुत्र्यांची पेस्टच वापरा, माणसांची नको. सुरुवातीला आठवडाभर बोटाला कापड गुंडाळून फक्त बाहेरची बाजू चोळा, मग ब्रश. तोंडाला वास येणं हे म्हातारपण नाही, हिरड्या सडल्याचं लक्षण आहे. नखाने दाबून खूण उमटत नाही एवढं टणक हाड चघळायला दिलं तर दाढ फुटते.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच फिरवा. हाताचा पंजा उलटा करून डांबरावर सात सेकंद टेकवता आला नाही तर रस्ता कुत्र्यालाही भाजतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बांधू नका. ऊन लागलं तर नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि मग दवाखान्याकडे निघा, या क्रमाने. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, त्याखाली अंग उलट तापतं. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर पंजे आणि कान कोरडे पुसा, लॅब्रॅडॉरचे कान तर नक्कीच.

उतारवयात

मोठ्या जातीला पाच-सहा, लहान जातीला आठ वर्षं झाली की दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा रक्त व लघवी. एक्स-रे, सोनोग्राफी सगळीकडे मिळत नाही. बेळगाव, कोल्हापूर की हुबळी-धारवाड, रात्री कुठे जायचं हे कुत्रा धडधाकट असतानाच ठरवून ठेवा आणि तिथले फोन भिंतीवर लिहा.

घरी तीन मापं घेता येतात. पहिलं पाण्याचं: सकाळी भांड्यात मोजून पाणी घाला, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे २० किलोचा कुत्रा दोन लिटरच्या वर पीत असेल तर मूत्रपिंड, साखर किंवा गर्भाशय तपासा. दुसरं श्वासाचं: गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा. तीसच्या वर सलग दोन-तीन रात्री भरलं तर हृदय तपासून घ्या. तिसरं वजनाचं: खाणं तेच असताना महिन्यात वजन उतरलं तर वाट बघू नका. महिन्यातून एकदा अंगावरून हात फिरवून गाठी शोधा आणि सापडलेल्या गाठीचा मोबाइलवर रुपयाच्या नाण्याशेजारी फोटो काढा. मग पुढच्या महिन्यात ती वाढली का, यावर वाद होत नाही.

शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि तो उठायचं टाळू लागतो. त्याच्या वाटेवर जुनी सतरंजी टाका, खाली रबरी चटई. पंजाखालचे केस आणि नखं कापा. फिरणं बंद न करता तासाच्या एका फेरीऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन करा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, यांनी यकृत, पोट आणि मूत्रपिंडं जातात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत, आणि ती सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झालेली असावी लागते.